धावणे आणि वजने : पूरक की मारक?

पहाटे मिरामारच्या किनाऱ्यालगत धावणारे आणि सायंकाळी जिममध्ये लोखंड उचलणारे हे फार काळ दोन वेगळे पंथ होते. पहिल्यांना धास्ती, की वजने उचलली तर अंग जड होईल आणि वेग जाईल; दुसऱ्यांना धास्ती, की धावलो तर महिनोन् महिने कमावलेले स्नायू झिजतील. गेल्या काही वर्षांत ही सीमारेषा पुसट झाली आहे. २०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे यांची स्पर्धा प्रथम झाली, डिसेंबरातल्या रिव्हर मॅरेथॉनने वास्को परिसराला धावपटूंच्या नकाशावर आणले, आणि धावपटूंच्या गटांतही स्क्वॉट, डेडलिफ्ट हे शब्द सहज वापरले जाऊ लागले. बेळगाव आणि चंदगडच्या पट्ट्यात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी तर हा प्रश्न हौसेचा नाहीच. भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटरची धाव आणि बीमवरचे पुल-अप्स या दोहोंचे गुण मोजले जातात. एकात कमावले आणि दुसऱ्यात गमावले तर वर्षाची मेहनत वाया जाते.

या दोन व्यायामांचे एकमेकांशी पटते का, हा प्रश्न शरीरक्रियाशास्त्राने गेली चार दशके तपासला आहे. उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. धावपटूला वजनांचा लाभ जवळजवळ निश्चित आहे. वजने उचलणाऱ्याला धावण्याचा तोटा होतो तो ठरावीक परिस्थितीतच. आणि दोघांचेही नुकसान बहुधा व्यायामामुळे न होता वेळापत्रकामुळे होते.

‘उच्च तीव्रता’ म्हणजे नेमके काय?

या विषयातील निम्मा गोंधळ शब्दाचा आहे. ‘हाय इंटेन्सिटी’ ही संज्ञा किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरली जाते, आणि तिन्हींचा धावण्याशी असलेला संबंध वेगळा आहे.

पहिला अर्थ भाराचा. एखादी व्यक्ती एका वेळी जास्तीत जास्त १०० किलो वजन घेऊन बैठक मारू शकत असेल, तर ८५-९० किलो घेऊन तीन-चार बैठका मारणे ही उच्च तीव्रता. श्वास फारसा लागत नाही, मधली विश्रांती मोठी असते. कस लागतो तो स्नायूंचा आणि त्यांना आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेचा.

दुसरा अर्थ थकव्याचा. अमेरिकेतील आर्थर जोन्स यांनी १९७० च्या दशकात नॉटिलस यंत्रांबरोबर हा विचार लोकप्रिय केला. प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, पण पुढची एकही आवृत्ती निघणार नाही इथपर्यंत. आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्ध्या तासात सगळे आटोपायचे. १९७५ मध्ये वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी अकादमीत फुटबॉल खेळणाऱ्या छात्रांवर या पद्धतीचा प्रयोग झाला, आणि यंत्रांवरच्या व्यायामाने त्यांचा दोन मैलांच्या धावेचा वेळही सुधारल्याचे जाहीर झाले. हा दाखला आजही दिला जातो. मात्र प्रयोगात यंत्रांच्या उत्पादकाचा हात होता आणि छात्रांचा मैदानी सरावही त्याच काळात चालू होता. त्यामुळे वजने उचलली की धावण्याची गरजच नाही, असा निष्कर्ष त्यातून काढणे धाडसाचे ठरेल.

तिसरा अर्थ धापेचा, आणि आपल्याकडच्या जिममध्ये आज तोच प्रचलित आहे. बर्पी, उड्या, केटलबेल, पुन्हा बर्पी, मध्ये दहा सेकंदांची उसंत. याला अनेकदा ‘टाबाटा’ म्हणतात. इझुमी टाबाटा यांचा १९९६ चा जपानमधील प्रयोग मुळात सायकलवरचा होता. २० सेकंद जवळजवळ सर्वस्व पणाला लावणारे पेडलिंग, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता आणि प्राणवायूविना काम करण्याची क्षमता दोन्ही वाढल्या. पण ती ताकद वाढवण्याची पद्धत नव्हती. संगीताच्या तालावर हलक्या डंबेलनी केलेल्या चाळीस बैठकांना टाबाटांचे नाव देणे म्हणजे भलत्याच घरावर पाटी लावण्यासारखे आहे. धावपटूच्या दृष्टीने या तिसऱ्या प्रकाराची नोंद ‘वजनांचा दिवस’ म्हणून न करता ‘जोराच्या धावेचा दिवस’ म्हणूनच करावी लागते, कारण हृदय, श्वास आणि पाय यांच्यावरचा ताण त्याच जातीचा असतो.

हिक्सन यांची दहा आठवडे

रॉबर्ट हिक्सन हे स्वतः वजने उचलणारे. सेंट लुईस येथे जॉन हॉलोझी या ख्यातनाम संशोधकांच्या प्रयोगशाळेत ते दाखल झाले. हॉलोझी नियमित धावत. हिक्सनही त्यांच्याबरोबर धावू लागले. काही काळाने त्यांच्या लक्षात आले, की जिममधला व्यायाम तसाच चालू असूनही आपले स्नायू आणि ताकद घटत आहे. स्वतःची प्रयोगशाळा मिळाल्यावर याच प्रश्नाचा अभ्यास कर, असे हॉलोझींनी त्यांना सुचवल्याचे सांगितले जाते. १९८० मध्ये हिक्सन यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही व्यायाम एकत्र करण्याविषयीची पुढची सगळी चर्चा तेथून सुरू होते.

प्रयोग दहा आठवड्यांचा होता. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस पायांच्या ताकदीचा जड व्यायाम केला. दुसऱ्या गटाने सहा दिवस दमसासाचा व्यायाम केला. तीन दिवस सायकलवर कमाल क्षमतेच्या आसपास पाच-पाच मिनिटांच्या सहा फेऱ्या, आणि उरलेले तीन दिवस ठरलेल्या वेळेत, म्हणजे शेवटी ४० मिनिटांत, जितके लांब धावता येईल तितके धावणे. तिसऱ्या गटाने हे दोन्ही केले. पहिल्या गटाची ताकद दहाही आठवडे वाढत राहिली. तिसऱ्या गटाची ताकद साधारण सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थबकली, आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात चक्क उतरू लागली. उलट, प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेतील वाढ दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात जवळपास सारखीच होती. म्हणजे दमसासाने ताकदीच्या वाटेत अडथळा आणला. ताकदीने दमसासाच्या वाटेत आणला नाही.

हा अर्धाच भाग पुढे लोकांच्या लक्षात राहिला. ‘धावल्याने स्नायू जातात’ एवढे सूत्र जिममध्ये पोहोचले. तिसऱ्या गटाचे वेळापत्रक किती अघोरी होते, हे पोहोचले नाही. आठवड्याला अकरा सत्रे, सगळी जोराची, सगळी पायांची. नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन दिवस धावणाऱ्या आणि दोन दिवस वजने उचलणाऱ्या माणसाशी त्याची तुलना होत नाही.

पेशींच्या पातळीवर याचे जे स्पष्टीकरण पुढे आले, तेही बरेच गाजले. दमसासाच्या व्यायामात पेशीतील ऊर्जा खर्ची पडते तेव्हा एएमपीके नावाचे विकर जागे होते. ते काटकसरी कारभाऱ्यासारखे वागते : ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूत्रकणिका वाढवा, खर्चिक बांधकाम थांबवा. जड वजनांनंतर एमटॉर ही यंत्रणा जागी होते. तिचे काम नेमके ते खर्चिक बांधकाम, म्हणजे नवी प्रथिने रचून स्नायू वाढवणे. पहिली दुसरीला दाबते, म्हणून धावण्याने स्नायूवाढ खुंटते, अशी ही मांडणी. ती नीटस आहे, पण माणसाचे शरीर प्रयोगशाळेतील उंदराच्या स्नायूइतके आज्ञाधारक नाही. हे संकेत काही तासांत ओसरतात, नवशिक्या आणि मुरलेल्या खेळाडूंत वेगळे दिसतात आणि खाण्यावरही अवलंबून असतात.

२०१२ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सायकलच्या मानाने धावण्याचा अडथळा अधिक दिसला. धावताना प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच आकसतो आणि त्यातून सूक्ष्म इजा होते, हे त्याचे एक संभाव्य कारण. २०२२ च्या आणखी व्यापक विश्लेषणात मात्र स्नायूंचा आकार आणि कमाल ताकद या दोहोंवर एकत्र व्यायामाचा लक्षणीय दुष्परिणाम आढळला नाही. स्फोटक ताकद, म्हणजे क्षणात जोर लावण्याची क्षमता, तेवढी काहीशी मंदावली, आणि तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तेव्हा. सामान्य माणसाने यावरून घाबरण्याचे कारण उरत नाही. उंच उडी किंवा भारोत्तोलन खेळणाऱ्याने सावध राहावे, इतकेच.

धावपटूच्या पदरात काय पडते?

धावणे म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर मारलेल्या उड्यांची मालिका. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने धावतानाही जमिनीवर टेकणाऱ्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, आणि पाय जमिनीवर असतो सेकंदाचा पाव भाग किंवा त्याहून कमी. इतक्या अल्प वेळात टाचेवरची जाड कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि साठवलेली ऊर्जा परत देते. स्प्रिंग जितकी ताठ आणि तिला धरून ठेवणारा पोटरीचा स्नायू जितका बळकट, तितके प्रत्येक पाऊल स्वस्तात पडते. विशिष्ट वेगाने धावायला किती प्राणवायू लागतो यावरून ही काटकसर मोजतात. दोन धावपटूंची फुप्फुसे आणि हृदय सारखेच सक्षम असूनही एक पुढे जातो, त्याचे कारण अनेकदा या काटकसरीत असते.

जड वजनांचा लाभ येथे होतो. फिनलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुरलेल्या धावपटूंच्या एकूण सरावाचा सुमारे एक-तृतीयांश भाग काढून त्या जागी नऊ आठवडे उड्या, छोट्या वेगवान धावा आणि हलक्या वजनांचे झटपट व्यायाम घातले. एकूण वेळ तेवढाच ठेवला. त्यांचा पाच किलोमीटरचा वेळ सुधारला. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मात्र वाढली नव्हती. सुधारणा आली ती काटकसरीतून. २००८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी याहून साधी गोष्ट केली. धावपटूंना आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे, फक्त अर्ध्या बैठका दिल्या. चार सेट, प्रत्येकी चार आवृत्त्या, पाचवी निघणार नाही इतके वजन. धावण्यातील काटकसर पाच टक्क्यांनी सुधारली, कमाल वेगाला तग धरण्याचा काळ सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढला. शरीराचे वजन वाढले नाही. ‘वजने उचलली तर अंग जड होईल’ या भीतीला यापेक्षा नेमके उत्तर मिळणे कठीण आहे. थोड्या आवृत्त्या आणि लांब विश्रांती यांमुळे स्नायू फुगण्यापेक्षा मज्जासंस्थाच अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकते. शिवाय धावपटूच्या खाण्यात स्नायू फुगवण्याइतकी शिल्लक क्वचितच असते.

खुद्द हिक्सन यांनीही १९८८ मध्ये नाण्याची दुसरी बाजू दाखवली होती. आधीच दमसासाचा सराव असलेल्यांना त्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा पायांचा जड व्यायाम जोडून दिला. चार ते आठ मिनिटांत दमवणाऱ्या कमाल प्रयत्नात तग धरण्याचा काळ सायकलवर ११ आणि धावताना १३ टक्क्यांनी वाढला. भरतीतील १६०० मीटरची धाव नेमकी याच टापूत मोडते. तग धरण्याचा काळ १३ टक्क्यांनी वाढणे म्हणजे घड्याळातील वेळ १३ टक्क्यांनी घटणे नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. प्रत्यक्ष शर्यतीतील लाभ त्याच्या एका लहान अंशाइतकाच असतो.

मैदानावरच्या लोकांना हे प्रयोगशाळेच्या आधी कळले होते. ऑस्ट्रेलियात पोर्टसी येथे पर्सी सेरुटी हे विक्षिप्त प्रशिक्षक आपल्या शिष्यांना वाळूच्या टेकड्यांवर पळवत आणि जड वजने उचलायला लावत, तेव्हा लांब पल्ल्याच्या धावपटूने वजनांना हात लावणे जगाला वेडेपणा वाटे. त्यांचा शिष्य हर्ब एलियट याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरची शर्यत ३ मिनिटे ३५.६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकली. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अॅडमसन यांनी १९५० च्या दशकात सर्किट प्रशिक्षण आखले. पुढे लफबरो येथे सेबॅस्टियन को याच्या तयारीत अशा सर्किटला आणि वजनांना मोठे स्थान होते. मॅरेथॉनमध्ये पॉला रॅडक्लिफचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिच्या शरीराच्या चाचण्या वर्षानुवर्षे नोंदवल्या गेल्या. १९९२ ते २००३ या काळात तिची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जवळपास स्थिर राहिली, पण काटकसर सुमारे १५ टक्क्यांनी सुधारली. याच काळात ती वजने आणि उड्यांचा सराव नेमाने करू लागली होती. १९९६ मध्ये २९ सेंटिमीटर असलेली तिची उभी उडी २००३ मध्ये ३८ वर गेली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम केला. एका व्यक्तीच्या नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. संशोधकांनीही तसा दावा केला नाही.

दुखापतींविषयी मात्र जपून बोलावे लागते. २०१४ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी पंचवीस चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने खेळातील दुखापती एक-तृतीयांशाहूनही खाली आल्याचे दिसले. पण या चाचण्या बव्हंशी मैदानी खेळ आणि लष्करी प्रशिक्षण यांतील होत्या. निव्वळ हौशी धावपटूंबाबत इतका ठाम पुरावा नाही. गुडघेदुखीवर स्क्वॉट हा रामबाण उपाय म्हणून विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेले बरे.

तालमीचा वारसा आणि त्याची मर्यादा

मराठी मुलखाला ताकदीचा व्यायाम कोणी शिकवायला नको. बेळगाव-कोल्हापूरच्या तालमी, इंदूरचे आखाडे, बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला बहुखंडी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा सगळा आपलाच ठेवा आहे. मात्र दंड-बैठकांचा व्यायाम शेकड्यांनी मोजला जातो. पन्नासावी बैठक शक्य असते याचाच अर्थ पहिल्या बैठकीचा भार कमाल क्षमतेच्या बराच खाली असतो. त्यातून चिवटपणा येतो, सांधे वळणावर राहतात, नवशिक्याला उत्तम पाया मिळतो. पण वर सांगितलेल्या प्रयोगांतील लाभ पाचवी आवृत्ती न निघणाऱ्या भाराने किंवा झटक्याच्या उड्यांनी मिळालेला आहे. रोज पाच-दहा किलोमीटर धावणाऱ्याच्या पायांत चिवटपणा आधीच भरपूर असतो. त्याला त्याच जातीचा आणखी व्यायाम देण्यात अर्थ थोडा. घरी वजने नसतील तर एका पायाची बैठक, पायरीवर एका पायाची टाच उचलणे, पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन पायरी चढणे असे उपाय करून भार वाढवता येतो. हनुमान दंड आणि दोरीवरच्या उड्या झटक्याच्या जातीच्या असल्यामुळे धावपटूला आजही उपयोगी आहेत.

आठवडा कसा लावावा?

हौशी धावपटूला आठवड्यातून दोन सत्रे पुरतात, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे मध्यम वजन, आठ ते बारा आवृत्त्या आणि ढब शिकणे. नंतर हळूहळू वजन वाढवून चार-सहा आवृत्त्यांचे तीन-चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती. व्यायाम मोजकेच : स्क्वॉट किंवा स्टेप-अप, डेडलिफ्ट किंवा त्याचा एखादा प्रकार, जड भाराने टाच उचलणे, आणि धडासाठी एखादा. धावपटूंकडून पोटरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि धावताना सर्वाधिक भार तीच उचलते. आर्थर जोन्स यांच्या पद्धतीने प्रत्येक सेट पूर्ण थकव्यापर्यंत नेण्याची गरज नाही. एक-दोन आवृत्त्या हाती राखून थांबले तरी ताकद जवळजवळ तितकीच वाढते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागत नाही.

खरा पेच दिवस निवडण्याचा आहे. अनेकांचा कल असा, की जोराच्या धावेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ‘आराम’च्या दिवशी, वजने उरकावीत. परिणाम असा की आठवड्यात आराम उरतच नाही. प्रशिक्षकांमध्ये आता रूढ होत चाललेली पद्धत उलटी आहे. जोराची धाव सकाळी, वजने त्याच दिवशी सायंकाळी, मध्ये किमान सहा तास आणि दोन वेळचे जेवण. त्यानंतरचा दिवस खरोखर हलका. दोन्ही एकाच सत्रात करणे भागच असेल तर ज्या गोष्टीत सुधारणा हवी ती आधी. लांब पल्ल्याच्या धावेच्या आदल्या दिवशी पायांची जड वजने टाळावीत. दुखऱ्या पायांनी धावताना ढब बिघडते.

गोव्याच्या हवामानाने यात एक सोय करून ठेवली आहे. जून ते सप्टेंबर रस्ते निसरडे, हवा दमट आणि लांब धावांची आबाळ. धावण्याच्या मोठ्या स्पर्धा त्यानंतर. पावसाळ्याचे चार महिने ताकद कमावण्यासाठी आणि ऑक्टोबरनंतरचे महिने ती टिकवण्यासाठी, असा हिशेब सहज जुळतो. ताकद मिळवायला दोन-तीन सत्रे लागली तरी टिकवायला आठवड्याला एक पुरते. चूक होते ती सत्र पूर्ण बंद करण्यात. दोन-तीन महिन्यांत कमाई ओसरू लागते आणि स्पर्धा नेमकी तेव्हाच असते. शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत सेट निम्मे करावेत, वजन फारसे कमी करू नये, नवा व्यायाम अजिबात सुरू करू नये.

हायरॉक्ससारख्या स्पर्धांची गोष्ट थोडी निराळी. २०१७ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झालेला आणि २०२५ मध्ये मुंबईत आलेला हा प्रकार म्हणजे एक किलोमीटरच्या आठ धावा आणि प्रत्येक धावेनंतर एक ताकदीचा टप्पा : घसरगाडी ढकलणे, ओढणे, वजने हाती घेऊन चालणे, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन लंजेस, भिंतीवर चेंडू फेकणे. येथे थकलेल्या पायांनी धावणे हीच परीक्षा आहे. म्हणून स्पर्धेआधी काही आठवडे दोन्ही मुद्दाम एकत्र करावेच लागतात. पण वर्षभर रोज तसेच केल्यास ना ताकद धड वाढते, ना धाव.

भरतीच्या उमेदवारांसाठी

गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर जमणाऱ्या मुलांचा सराव बहुधा एकाच मुशीतला असतो : रोज १६०० मीटर पूर्ण ताकदीने, घड्याळ लावून, आणि नंतर बीमवर हात सुटेपर्यंत पुल-अप्स. काही आठवडे प्रगती दिसते, मग नडगी दुखू लागते. ते दुखणे दाबून धावत राहिल्यास हाडाला सूक्ष्म तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, जाण्याचा धोका असतो. त्याला सहा ते आठ आठवडे विश्रांतीवाचून उपाय नाही, आणि तेवढ्यात भरतीची तारीख निघून जाते. एका ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येणारी आणि रात्री विश्रांतीतही ठणकणारी नडगी अंगावर काढू नये.

वास्तविक या दोन चाचण्यांत फारसे वैर नाही. अडथळा मुख्यतः त्याच स्नायूंपुरता असतो. धावतात पाय, पुल-अप्सना लागतात पाठ आणि दंड. आठवड्यातून एकदाच पूर्ण अंतर वेळ लावून, एकदा ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या मध्ये विश्रांती घेऊन, उरलेले दोन-तीन दिवस गप्पा मारता येतील अशा संथ गतीने आणि शक्यतो मातीच्या मैदानावर धावणे, हा आराखडा रोजच्या शर्यतीपेक्षा अधिक फळतो. १६०० मीटरची धाव बाहेरून वेगाची दिसली तरी तिच्यातील बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या आधारेच येते. पुल-अप्स आठ निघत असतील तर एका दमात आठ काढण्यापेक्षा चार-पाचांचे अनेक सेट, आठवड्यातून तीन-चार दिवस. महाराष्ट्र पोलीस भरतीत धावेबरोबर गोळाफेकही असल्याने तेथे पायांची आणि धडाची स्फोटक ताकद लागते. अशा उमेदवाराने स्क्वॉट आणि उड्या धावेनंतर थकलेल्या पायांनी करू नयेत, ताज्या पायांनी कराव्यात.

जेथे थांबायला हवे

नवशिक्याने पहिल्याच दिवशी शंभर बर्पी किंवा शेकडो बैठका मारण्याचा जो प्रकार ‘चॅलेंज’ म्हणून चालतो, तो जिवावर बेतू शकतो. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बंद पडण्याची वेळ येते. वैद्यकात याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू असह्य दुखून सुजले आणि लघवी काळसर चहासारखी झाली, तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. मार्चनंतर उन्हात धावून लगेच बंद खोलीत जोराचे सर्किट करणे उष्माघाताला आमंत्रण आहे. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह आहे, किंवा श्रमाने छातीत दडपण येते, त्यांनी जड वजने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. श्वास रोखून वजन उचलताना रक्तदाब क्षणभर फार वर जातो.

दोन्ही व्यायाम करणाऱ्याचे पोट मात्र एकच असते आणि बरेच जण तेथेच चुकतात. स्नायूंसाठी दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास. शीत-कढीवर धावणाऱ्याला मासे, कडधान्ये, दूध-दही यांची भर जाणीवपूर्वक घालावी लागते. एकूण आहारच अपुरा पडल्यास काय होते, याकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये लक्ष वेधले. ऊर्जा कमी पडलेले शरीर हाडे, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांच्या खर्चात कपात करते. तरुण मुलींमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही त्याची पहिली खूण. ‘खूप व्यायाम करते म्हणून’ असे म्हणत तिच्याकडे दुर्लक्ष करणारे पालक आणि प्रशिक्षक आजही थोडे नाहीत.

पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंसाठी वजनांचा प्रश्न वेगाच्या पलीकडचा आहे. या वयात स्नायू वर्षागणिक घटतात, आणि वेगाने आकसणारे तंतू आधी जातात. नुसत्या संथ धावण्याने ते राखले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगताना त्याबरोबर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे सांगितले आहेत. पहिल्या अटीची पूर्तता गोव्यातील अनेक ज्येष्ठ धावपटू सहज करतात. दुसरीकडे वळायला बहुतेकांना पहिल्या पडझडीची वाट पाहावी लागते. त्यांनी सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून केली तरी चालते. आठ-दहा वेळा ते सहज जमू लागले, की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्यावी, मग डंबेल.